दुसरं कडवं

"अक्का, इथे खाली फक्त सही कर. वाचत बसू नकोस, मला उशीर होतोय," असं म्हणत पिपाणीने तो कागद कापायच्या टेबलावर ठेवला, आणि अक्काने ओठांत धरलेल्या सहा टाचण्या जागच्या जागी थरथरल्या.

वाचत बसू नकोस... हे शब्द दुसऱ्या कुणी उच्चारले असते, तर अक्काने ते हसून सोडून दिले असते. पण अक्काला वाचायला शिकवलं होतं ते याच मुलीने. तेहतीस वर्षांची होईपर्यंत अक्काला टेपवरचे आकडे आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या खुणा एवढंच कळत होतं. त्या वर्षी तिचा गळा गेला. कितीतरी महिने तोंडातून वाऱ्याशिवाय काही निघेना, तेव्हा या धाकट्या बहिणीनेच नमुन्याच्या खाकी कागदावर निळ्या चॉकने एकेक अक्षर काढून तिच्याकडून गिरवून घेतलं होतं. "बोट ठेवून वाच. घाई नको. एकही शब्द गाळायचा नाही," असं दटावलंही होतं. आणि आज तीच म्हणत होती...

अक्काने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"हाताला मशीनचं तेल लागलंय. ठेव तिथे. संध्याकाळी बघते."

"बघायचं काय त्यात? कंपनीचा कागद आहे, सगळ्यांकडून घेतात."

"मग मी कुठे पळून चाललेय?"

पिपाणीने टेबलावरचा कागद नीट सरळ केला. मग पिशवी खांद्याला अडकवून ती दुकानाच्या दोन पायऱ्या उतरली आणि गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली.

अक्काच्या मनात पाल चुकचुकली ती काही त्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.

पिपाणीला हे नाव पाळण्यातच चिकटलेलं होतं. जन्मली ती असा टिपेचा सूर लावत की शेजारी खिडक्या लावून घेत. ती चार वर्षांची असताना आई गेली आणि वीस वर्षांची अक्का रातोरात आई झाली. कपडे दुरुस्तीचं हे दुकान, मागची एक खोली आणि वरचा माळा, एवढ्यात तिने त्या टिपेच्या सुराला वळण लावलं. अक्का तेव्हा बँडमध्ये गायची. दिवसा पँटी आखूड करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी दिवे लावलेल्या मंचावर उभं राहायचं. पुढे गळा गेला आणि तिच्या जागी पिपाणी उभी राहिली. एकोणीस वर्षं झाली. आता त्या बँडला लोक पिपाणीच्याच आवाजाने ओळखत होते.

पण लोकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. बँडचं प्रत्येक गाणं आधी या दुकानात बसायचं. पिपाणीला कागदावरून गाणं उचलता येत नसे, कानानेच यायचं. म्हणून नवी चाल आली की ती स्टूल ओढून मशीनपाशी बसायची. अक्का पायाने मशीन चालवत त्या लयीवर आपल्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात ओळ पुटपुटायची. सूर जेमतेम कळायचा, पण कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दावर जीव टाकायचा, ते सगळं त्या पुटपुटण्यात असायचं. चुकलं की अक्का मशीन थांबवायची. "उसव," एवढंच म्हणायची. आणि पिपाणी ती ओळ पहिल्यापासून पुन्हा घ्यायची.

मात्र यंदा पिपाणीचा स्वतःचा, एकटीचा अल्बम निघायचा होता. नऊ गाणी, मुखपृष्ठावर तिचा एकटीचा चेहरा. ही बातमी ऐकली तेव्हा अक्काला इतका आनंद झाला की तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पण पुढच्या आठ महिन्यांत एकही गाणं दुकानात आलं नाही. पिपाणी मागच्या खोलीचं दार लावून गुणगुणायची. अक्काने दार लोटलं की गाणं बंद. फोन आला की आवाज खाली. तिची पिशवी पूर्वी कुठेही पडलेली असायची, ती आता उशाशी असायची. एका दुपारी तर अक्का मशीनवर पडदे शिवत असताना पिपाणी खाली बसून टेबलाखाली फोन धरून होती.

"काय गं करतेस?"

"बटण पडलं."

तिच्या कपड्यांना त्या दिवशी एकही बटण नव्हतं. ज्या बाईचा जन्म बटणं लावण्यात गेला तिला हे सांगण्यात काय अर्थ होता...

आणि मागच्याच आठवड्यात दाराआडून तिने शब्द ऐकले होते, स्पष्ट. "नाही नाही, अक्काला कळता कामा नये. कळलं तर सगळं संपलं."

त्या रात्रीपासून अक्काला अन्न गोड लागत नव्हतं. ती स्वतःला समजावत होती की तुला नाव नको होतं, टाळ्या नको होत्या, मग आता दुखतंय ते काय? पण दुखत होतं. शिवणकामात आधी एक कच्चा टाका घालतात. सैल, लांब, कुठल्याही रंगाच्या दोऱ्याचा. पक्की शिलाई पडेपर्यंत कापड त्याने धरून ठेवायचं आणि शिलाई झाली की तो ओढून टाकून द्यायचा. अक्काने आयुष्यात असे हजारो दोरे ओढून केराच्या डब्यात टाकले होते. आपणही तसाच एक दोरा आहोत की काय, असं तिला हातातलं काम करता करता वाटायचं आणि सुई बोटात घुसायची.

कागद ठेवून पिपाणी गेली आणि तासाभरात ठोक्या आला. हा बँडचा ड्रमवाला, अक्काच्याच वयाचा, तिच्या गाण्याच्या दिवसांपासूनचा सोबती. पोट सुटल्यामुळे त्याची पँट दर वर्षी एक बोट सैल करावी लागे.

"यंदा दोन बोटं," अक्का टेप लावत म्हणाली. "ड्रम वाजवतोस की खातोस?"

"हसून घे. माणसाने कुठेतरी वाढलं पाहिजे ना."

"अल्बममध्ये तू आहेस?"

ठोक्याने पोट आत ओढलं. "आहे... एका गाण्यात. चौथ्या."

"एकाच? बाकी बँड?"

"बाकी नवीन पोरं आहेत. कंपनीची."

"आणि त्या एका गाण्यात तूच का?"

"कारण ते मीच जपून..." ठोक्या बोलता बोलता असा गप्प झाला, जणू कुणी त्याच्या तोंडाला टाका मारला. "पँट परवा दे, काय घाई नाही."

"काय जपून ठेवलंस?"

"काही नाही गं. जुने ठोके." तो तिच्याकडे न बघता बूट घालू लागला. डाव्या पायातला उजव्या पायात घातला, काढला, पुन्हा घातला. तीस वर्षांच्या ओळखीत हा माणूस अक्काशी कधी खोटं बोलला नव्हता, आणि म्हणूनच त्याला ते धड जमत नव्हतं.

म्हणजे हाही सामील होता. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि ते आपल्याच भिंतीत.

दुकानाचं शटर अर्धं ओढून अक्काने कागद हातात घेतला. बोट ठेवलं. अक्षरं बारीक होती, वाक्यं लांबलचक, एकेक शब्द म्हणजे गुंतलेला दोरा. पण तिने एकही गाळला नाही. अर्धा तास लागला. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं ते थांबलंच.

'...माझ्या आवाजावरील व गायनावरील सर्व हक्क मी कायमचे सोडून देत असून, याविषयी पुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही...'

आवाज? कुठला आवाज? एकोणीस वर्षांपूर्वी गेला तो? नाही... आवाज म्हणजे ते पुटपुटणं. एकोणीस वर्षं मशीनच्या लयीवर जे दिलं ते. तेवढं एक उरलेलं होतं, आणि तेच कागदावर लिहून मागत होते की ही तुमची कुणी नाही, हिच्या गाण्यात तुमचं काही नाही, तक्रार करणार नाही असं लिहून द्या. आणि मागायला पाठवलं कुणाला, तर तिलाच.

अक्का रडली नाही. तिने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

संध्याकाळी पिपाणी आली तेव्हा अक्का टेबलामागे उभी होती. हातात कात्री.

"केलीस सही?"

"एक विचारायचंय. कुठला आवाज?"

पिपाणीचा चेहरा उतरला. "तू वाचलंस?"

"तूच शिकवलंस. कुठला आवाज, पिपाणे?"

"अक्का, आत्ता नको विचारूस. पंधरा दिवस थांब. नंतर तुला सगळं..."

"आठ महिने थांबले. दाराआड काय बोललीस तेही ऐकलं. मला कळता कामा नये, असं काय आहे ते आज मला कळू दे."

पिपाणीने ओठ दाबून धरले. तिची नजर नकळत वर गेली, माळ्याकडे, जिथे जुन्या कापडांची गाठोडी होती. अक्काने ती नजर पाहिली आणि तिचा वेगळाच अर्थ लावला.

"हे घर बघतेस? तेही लिहून हवंय?"

"अक्का... काय बोलतेस तू?"

"तू बोलत नाहीस, म्हणून मी बोलते."

"एकदाच विश्वास ठेव ना माझ्यावर. बाकी काही नको. एकदाच."

"विश्वास ठेवला म्हणून तर बोट ठेवून वाचायला शिकले."

आणि मग अक्काने जे केलं ते अगदी शांतपणे केलं. कागद टेबलावर पसरला, त्यावर निळ्या चॉकने कॉलरची आकृती काढली आणि कात्री चालवली. कागदाची कॉलर झाली. उरलेल्या पट्ट्या तिने केराच्या डब्यात टाकल्या.

पिपाणी मागच्या खोलीत गेली, चार कपडे पिशवीत भरले आणि बाहेर पडली. पायरीवर तिचा पाय अडखळला, तेव्हा अक्काचा हात आपोआप पुढे झाला होता. पण तो तिने मागे घेतला.

पुढचा सव्वा महिना दुकानात मशीनचा आवाज होता आणि दुसरा कुठलाही नाही. पिपाणी एका मैत्रिणीकडे राहत होती, एवढंच ठोक्याने सांगितलं. अक्काने "बरं" म्हटलं. मात्र दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती कपाटातून एक गडद निळं कापड काढायची. अल्बमची बातमी आली त्याच दिवशी तिने ते आणून ठेवलं होतं, पिपाणीच्या मंचावरच्या कोटासाठी. संशय एकीकडे, माप एकीकडे. पिपाणीचं माप तिला टेपशिवाय पाठ होतं. कॉलर कापायची वेळ आली तेव्हा नमुना हाताशी होताच, तो कंपनीचा कागद. तिने तोच कापडावर टाचला. आत थोडं जास्तच कापड सोडलं... ही पोर वाऱ्यावर हिंडतेय, जाड होते की बारीक, कुणाला ठाऊक.

अल्बम आला त्या दिवशी दुपारी ठोक्या आला. पँटसाठी नव्हे. त्याने फोन आणि एक छोटा स्पीकर टेबलावर ठेवला.

"मला ऐकायचं नाही," अक्का म्हणाली.

"एकच ऐक. चौथं. मग मला हाकलून दे, शिव्या दे, पँट उसव."

अक्काने टाचण्या ओठांत धरल्या. बोलायचं नसलं की ती हेच करायची. ठोक्याने गाणं लावलं.

आधी एक बारीक आवाज आला. खटखट... खटखट... खटखट. अक्काने चमकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पाय स्थिर होते. तो आवाज स्पीकरमधून येत होता. तिचंच मशीन, तिचीच लय, मध्येच पट्टा जरा सरकतो तीही कुरकुर. टेबलाखाली धरलेला फोन... पडलेलं बटण...

त्यावर पिपाणीचा आवाज उतरला. ही चाल अक्काला ठाऊक होती. फार जुनी, बँडने कधीच न वाजवलेली. तिने स्वतःच पिपाणीला पहिल्या कार्यक्रमाआधी गळा मोकळा करायला म्हणून जुळवून दिली होती.

'निघाले मी आता, दार लोटून घे,
हाक माझी ऐकलीस तर ओ तेवढी दे...'

पहिलं कडवं संपलं. वाद्यं वाजत राहिली, मशीन चालत राहिलं, मागे ठोक्याचे हलके ठोके... आणि आवाज नाही. एक ओळ गेली, दुसरी गेली, अख्खं कडवं तसंच कोरं गेलं. मग तिसऱ्याला पिपाणी पुन्हा आली.

"गाणं बिघडलंय," अक्का टाचण्या काढत म्हणाली. "दुसरं कडवं कुठाय?"

"ते तुझं होतं."

"म्हणजे?"

ठोक्या स्टुलावर बसला. त्याने आपल्या जाड बोटांनी गुडघे धरले. "तू सगळ्या कॅसेटी फोडल्यास आठवतं? फिती उपसून त्यांनी गाठोडी बांधलीस. म्हणालीस, माझा आवाज या घरात पुन्हा कुणी लावला तर मी घर सोडीन. एक कॅसेट माझ्याकडे राहिली होती. तू पिपाणीला तीस गाणी शिकवलीस त्या पंधरा दिवसांची. तिला सरावाला म्हणून मी भरून घेतली होती. शेवटच्या दिवशी तू हे गायलीस. दुसरं कडवं तेवढं धड आलं. त्याच्या पुढे तुझा आवाज फुटला तो कायमचा."

"तू तिला काय काय सांगितलंस?"

"सगळं. डॉक्टरकडे तुला मी नेलं होतं ना? सहा महिने तोंडातून चकार शब्द काढू नका, गळा बरा होईल, म्हणाले होते. तू घरी येऊन सांगितलंस, आवाज जाणारच आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोरीला शिकवायला बसलीस. एकोणीस वर्षं मी गप्प बसलो, अक्का. गेल्या वर्षी जमलं नाही. तिने ती कॅसेट मागून नेली आणि ऐकून दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, माझ्या अल्बममध्ये अक्का गाईल."

"मला विचारायचं..."

"विचारलं असतं तर तू काय केलं असतंस?"

अक्काने वर पाहिलं. माळ्यावर गाठोडी रांगेत होती, तपकिरी चकचकीत फितींनी बांधलेली. पिपाणीची त्या संध्याकाळची नजर... ती घराकडे नव्हती.

"विचारलं असतं तर ही फीतही गाठोड्याला लागली असती," ठोक्या म्हणाला. "म्हणून ती म्हणत होती, आधी सही, मग ऐकवू, ऐकल्यावर काय भांडायचं ते भांडेल. जुन्या आवाजाचा कागद कंपनीला लागतोच. तो एकच छापील कागद ते सगळ्यांना देतात. तिने तो वाचलाही नव्हता."

"वाचला नव्हता?"

"तुला शिकवलं आणि स्वतः विसरली."

अक्काच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मध्येच त्याचा हुंदका झाला. तिने पदराने तोंड झाकलं. सही नाही म्हणून अक्काचा आवाज काढावा लागला. कंपनी म्हणाली, दुसरं कडवंही तूच गा. पिपाणीने ऐकलं नाही. भांडली, रडली, शेवटी म्हणाली, त्या जागी दुसरा आवाज पडणार नाही, माझाही नाही. लोकांना वाटतंय काही नवी तऱ्हा आहे... ठोक्या सांगत होता, पण अक्काला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं. आपल्याच हाताने, आपल्याच कात्रीने...

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

"अक्का, राहू दे आता, पाणी पी."

"लाव म्हणते ना."

ती मशीनवर बसली. सुईखाली कापड नव्हतं, तरी तिने पाय टेकवले. गाणं सुरू झालं तसं स्पीकरमधल्या खटखटीला तिची खटखट मिळाली. पहिलं कडवं गेलं. ती कोरी जागा आली. आणि ज्या गळ्यातून एकोणीस वर्षं पुटपुटण्यापलीकडे काही निघालं नव्हतं, त्या गळ्याने अक्का गायली. आवाज फाटका होता, वरच्या सुराला पोचता पोचता तो मोडला, पुन्हा उचलला गेला...

'जायचं तर जा गं, मागे नको पाहू,
खिडकीतल्या दिव्याला मी सांगते, नको जाऊ...'

ठोक्याने मान खाली घातली. बोटांनी तो गुडघ्यावर ठोके धरत होता.

तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा अक्काला ते दोन ठिकाणांहून ऐकू आलं. स्पीकरमधून आणि दारातून. तिने वळून पाहिलं. पिपाणी पायरीवर उभी होती, सव्वा महिन्यात बरीच बारीक झालेली, तोंड रडून सुजलेलं, आणि तशाच तोंडाने ओळ धरून होती. ठोक्यानेच तिला सोबत आणलं होतं, पण आत ये म्हणायचं त्याचं धाडस झालं नव्हतं. गाणं संपेपर्यंत बाहेर थांब, एवढंच तो बोलला होता.

ओळ संपली. अक्काने मशीन थांबवलं.

"शेवटच्या शब्दाआधी श्वास चोरलास."

"हो."

"उसव. पुन्हा घे."

पिपाणी दोन पायऱ्या चढून आली आणि अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली की पाळण्यातला तो जुना सूर शेजाऱ्यांना नक्की आठवला असेल. अक्का तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"सहा महिने गप्प राहिली असतीस तर..." पिपाणी कशीबशी म्हणाली. "मी काय सहा महिने थांबले नसते?"

"तू थांबली असतीस गं. मंच थांबला नसता."

"मला सांगायचं होतंस."

"आणि तू मला," अक्का म्हणाली. "दोघींना एकच खोड. रक्तातच आहे, काय करणार? ऊठ. उभी राहा, माप बघू दे."

तिने कपाट उघडून निळा कोट काढला. सगळं शिवून झालं होतं, फक्त कॉलर टाचलेली होती. पिपाणीच्या अंगात तो सैल झाला. अक्काने खांद्याला दोन टाचण्या मारल्या. मग मानेपाशी येऊन ती कॉलरवरचा कागदी नमुना काढू लागली. पिपाणीने मान वळवून पाहिलं. कागदावर बारीक छापील अक्षरं होती, अर्धी कापलेली. 'माझ्या आवाजावरील...'

"अक्का, हा तोच?"

"कॉलरला बरोबर बसला."

अक्काने तो तुकडा टेबलावर सपाट केला, निळा चॉक उचलला आणि उरलेल्या कोऱ्या कडेवर, जीभ दातात धरून, एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. शेवटच्या अक्षराची रेघ वाकडी गेली. तिने ती पुसली आणि नीट काढली.

"आता त्याचा काही उपयोग नाही गं," पिपाणी हलकेच म्हणाली. "अल्बम निघाला. ती जागा आता तशीच राहणार."

"माहीत आहे मला," अक्का म्हणाली, आणि तो तुकडा तिच्या हातात दिला. "वाच. बोट ठेवून."